धुतलेल्या विमानावर डाग परत का येतात? बादली उचलण्याआधी काय तपासायचं

विमान धुऊन, पुसून ठेवलं आणि दोन तासांनी पुन्हा बघायला गेलं, तर यातलं काहीतरी दिसतं:

– पंखाच्या वरच्या बाजूला थेंबाएवढी पांढरी वर्तुळं.
– पत्र्याच्या जोडांतून आणि रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) ओळींतून खाली ओघळलेल्या करड्या रेघा.
– समोरची काच सावलीत स्वच्छ, पण उन्हाकडे तोंड केलं की धुरकट.
– पोटाखाली, एक्झॉस्टच्या मागे, घासूनही न निघालेला काळपट पट्टा.
– रंगावरून हात फिरवला तर रव्यासारखी खरखर.
– रिव्हेटच्या डोक्यामागे वाऱ्याच्या दिशेने गेलेली काळी शेपटी. पुसली की जाते, चार उड्डाणांनी परत येते.
– धुतल्यानंतर धावपट्टीवर वेगाचा काटा हलतच नाही, किंवा वेग आणि उंची वेड्यासारखी दाखवली जाते.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. विमान जमिनीवरच ठेवा आणि परवानाधारक एएमईला, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याला, बोलवा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, पण आधी विमान थांबलं पाहिजे.

मी उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उभ्या राहणाऱ्या छोट्या विमानांची बाहेरची धुलाई आणि पॉलिश करतो. एक-दोन इंजिनांची, पंख्याची (प्रोपेलरची), ॲल्युमिनियमच्या पत्र्याची विमानं. त्याआधी शिरोलीत ट्रकच्या बॉडीला रंग मारायचो. वरची लक्षणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा मला बोलावण्याआधी एकच उपाय करून झालेला असतो: जास्त कडक साबण. साबणाने गेलं नाही म्हणून धुण्याचा सोडा, सोड्याने गेलं नाही म्हणून ॲसिड. ट्रकच्या चेसिसला हे खपून जातं. छोट्या विमानाचा पत्रा मात्र बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि तो पत्राही विमानाचा भार वाहतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे. डाग आधी वाचायचा, मग धुवायचा, आणि कडक रसायनाचा विचार सगळ्यात शेवटी.

तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, अवघड आणि महागड्या नंतर, अशा लावल्या आहेत.

१. डाग नुसता बघा (खर्च काहीच नाही)

माझ्यासोबत काम करणारा पोरगा सुरुवातीला रोज विचारायचा, "दादा, ह्यो डाग निघंना झालाय, जरा कडक काय तर मारू काय?" मी त्याला एकच सांगायचो, "आधी रंग बघ. कुठनं आलाय ते बघ." आता तो पाणी मारायच्या आधी मोबाइलवर पाच-सात फोटो काढतो. पंखाखालचा भाग, चाकांच्या आतली बाजू, पोट, शेपटीचे जोड. धुतल्यावर पुरावा गेलेला असतो, म्हणून हे आधीच.

निळसर डाग म्हणजे इंधन. पिस्टन इंजिनाच्या विमानांत जे १००एलएल पेट्रोल भरतात, त्यात ओळखीसाठी निळा रंग मिसळलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. पंखाखाली, टाकीच्या जोडाशी किंवा ड्रेनच्या तोंडाशी निळी रेघ दिसली तर तिथून गळती आहे. ती धुऊ नका, एएमईला तशीच दाखवा.

लाल डाग आमच्याकडे फसवतो. हायड्रॉलिक तेल लाल असतं, आणि घाटावरच्या जांभ्याची धूळही तांबडी. ओळखायला पांढरं सुती फडकं घ्या आणि हलकेच टेका. धूळ असेल तर कोरडी भुकटी लागते. तेल असेल तर डाग फडक्यात पसरतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेल सापडलं तर ब्रेकचा प्रश्न असू शकतो, तिथे साबण नको.

एक्झॉस्टच्या मागचा काळा-तपकिरी पट्टा नेहमीचाच. पण या इंधनात शिसं असतं आणि ते इंजिनात साचू नये म्हणून ब्रोमीनचं संयुगही घातलेलं असतं. त्यामुळे ही काजळी नुसती मळ नाही, ओल मिळाली की ती पत्र्याला खाते. पावसाळ्यात, आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असताना, हा पट्टा महिनोन्महिने ठेवणं चुकीचं. तो वरचेवर, सौम्य साबणाने काढत राहिलं की कधीच हट्टी होत नाही. मात्र पट्टा अचानक एका बाजूला वाढला किंवा नव्या जोडातून निघाला, तर एक्झॉस्ट कुठेतरी फुटला असेल. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो.

पांढरी-करडी भुकटी किंवा रंगाखाली आलेला फुगारा म्हणजे गंज. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो, त्यामुळे नवखा माणूस त्याला साबणाचा अवशेष समजतो. कधी रंगाखाली अळी फिरल्यासारख्या नागमोडी रेघा दिसतात, तोही गंजच. घासून किंवा वॅक्स लावून तो झाकला तर आत पसरत राहतो.

आता रिव्हेटमागची काळी शेपटी. एएमई लोक याला 'स्मोकिंग रिव्हेट' म्हणतात. रिव्हेट आपल्या भोकात सैल झाला की उड्डाणातल्या कंपनाने तो आणि पत्रा एकमेकांवर घासतात. त्यातून ॲल्युमिनियमची बारीक काळी भुकटी निघते आणि वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. एका विमानाच्या शेपटीजवळ अशा शेपट्या आहेत हे मी ओळखलं, तेव्हा मालकांनी सांगितलं की त्या वर्षभर दर महिन्याला पॉलिश करून काढल्या जात होत्या. तपासणीत तिथले रिव्हेट ढिले निघाले आणि बदलावे लागले. वर्षभर जो निरोप येत होता तो वर्षभर पुसला जात होता. त्या दिवसापासून परत येणारा डाग मी परवानगीशिवाय पुसत नाही.

२. ऊन आणि पत्र्याचं तापमान

डाग वाचून झाला आणि तो साधा मळच आहे असं ठरलं, तर पुढचा प्रश्न: विमान धुतलं कधी? पांढरी वर्तुळं आणि साबणाचे पट्टे यांचं सगळ्यात मोठं कारण तापलेला पत्रा आहे. मार्च-एप्रिलमध्ये ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या उघड्या जागेवर, दहानंतर पंखावर तळहात ठेवा. हात ठेववत नसेल तर धुवायचं नाही. साबण धुण्याआधीच वाळतो, पाणी उडतं आणि त्यातला क्षार रंगावर चिकटतो. मी उजाडताच सुरू करतो आणि नऊच्या आत आवरतो, नाहीतर सावलीत, हँगरमध्ये काम घेतो.

सुरू करण्याआधी मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद आणि किल्ली काढलेली आहे हे स्वतः बघा. पंखा हाताने फिरवू नका, त्याला नेहमी चालू समजूनच वागा. ओल्या पंखावर चढू नका. 'नो स्टेप' लिहिलेल्या जागी तर कोरड्यातही नाही.

३. फडकं आणि बादली

खरखर किंवा बारीक ओरखडे असतील तर आधी फडकं तपासा. गॅरेजमध्ये मिळणारं कॉटन वेस्ट विमानाला लावू नका. त्यात धातूचा बारीक कीस, शिवणीचा दोरा, कधी बटणाचा तुकडाही निघतो. मी इचलकरंजीहून नवं सुती कापड आणतो, दोनदा धुऊन मऊ करतो आणि शिवण, काठ कापून टाकतो. जुनं धोतरही उत्तम. काचेचं फडकं वेगळं, पोटाचं वेगळं, आणि जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

स्टील वूल तर अजिबात नको. त्याचे तुकडे ॲल्युमिनियममध्ये रुततात. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजायला लागतं.

कोल्हापुरात हे जास्त जपावं लागतं, कारण इथली धूळ कठीण आहे. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत वाळूचे साचे वापरतात, आणि ती वाळू सिलिकाची. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की पेटवलेल्या पाचटाची काजळी आणि कारखान्यांच्या धुराड्यांतली चिपाडाची राख हवेत असते. हाताला ती मऊ लागते, पण उसात मुळातच सिलिका भरपूर असतं आणि ते राखेत उरतं. पंखावर काळे कण दिसले म्हणून कोरड्या फडक्याने झटकणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. आधी भरपूर पाणी सोडायचं, कण वाहून जाऊ द्यायचे, मगच हात लावायचा. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची. खंगाळायच्या बादलीच्या तळाशी साचलेला गाळ एकदा बघितला की दुसरी बादली कशाला, असं कुणी विचारत नाही.

धुतल्यावरही रंगावर नारिंगी टाचणीएवढे ठिपके राहिले तर ते लोखंडाचे कण आहेत, रंगात रुतून गंजलेले. त्यासाठी गाडीचं 'आयर्न रिमूव्हर' स्वतःच्या मनाने मारू नका. रंग करणाऱ्याला दाखवा.

४. साबणाचं माप आणि हाताचा क्रम

बाटलीवर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त साबण घातला की जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुऊन काढायला जास्त पाणी लागतं आणि जोडांत साबण राहतो. तोच नंतर करड्या रेघा बनून उतरतो.

साबण खालून वर लावायचा. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. कोरड्या, मळक्या पत्र्यावरून साबणाचं घाण पाणी ओघळलं की त्याचे पट्टे बसतात आणि ते मूळ मळापेक्षा चिवट निघतात. खालचा भाग आधीच ओला आणि साबण लावलेला असेल तर ओघळ तिथे चिकटत नाही. धुऊन काढताना मात्र वरून खाली. एका वेळी तेवढाच भाग घ्या जेवढा साबण वाळायच्या आत धुता येईल. माझा अंदाज अर्ध्या पंखाचा.

पुसून झाल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा आणि परत एक फेरी मारा. जोडांत आणि रिव्हेटांभोवती अडकलेलं पाणी तेवढ्यात बाहेर येतं. करड्या रेघांच्या निम्म्या तक्रारी या दुसऱ्या फेरीत संपतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशर गन विमानाजवळ आणू नका. ते पाणी बिजागऱ्यांतलं ग्रीस बाहेर काढतं, बेअरिंगच्या सीलमागे शिरतं आणि ॲंटेनाच्या बुडातून आत जातं. घरच्या नळीचा साधा फवारा पुरतो. विमान कितीही जपून धुतलं तरी, कुठे पुन्हा ग्रीस द्यायचं ते त्या विमानाच्या देखभाल पुस्तकात दिलेलं असतं आणि ते काम एएमईचं आहे.

५. पाणी

सावलीत धुतलं, माप बरोबर, तरी पांढरी वर्तुळं? मग पाणी जड आहे. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा अनुभव घराघरांत आहे, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच पंखावर बसतो. तपासणी सोपी आहे. नळाच्या पाण्याचा एक थेंब काचेच्या तुकड्यावर वाळू द्या, शेजारी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा एक. पहिल्याने कडं सोडलं आणि दुसऱ्याने नाही, की उत्तर मिळालं.

उपाय म्हणजे सगळं विमान विकतच्या पाण्याने धुणं नव्हे. धुलाई नेहमीच्या पाण्याने करा, शेवटचा हात मात्र डीएम (क्षार काढलेल्या) किंवा डिस्टिल्ड पाण्याने. फडकं त्यात भिजवून, पिळून फिरवलं तरी एका छोट्या विमानाला काही लिटर पुरतात. जुनी वर्तुळं काढायला घरगुती व्हिनेगर वापरायचा सल्ला लोक देतात. उघड्या ॲल्युमिनियमजवळ आम्ल न्यायचं नाही, हा माझा नियम आहे. शाबूत रंगावर जुनी वर्तुळं सौम्य पॉलिशने जातात.

६. डबा काय म्हणतो

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून ठेवला तर ते काळं पडतं, हे आमच्या आईलाही माहीत होतं. ॲल्युमिनियमला कडक क्षार आणि कडक आम्ल, दोन्ही खातात. म्हणून धुण्याचा सोडा, कॉस्टिक, टाइल धुण्याचं ॲसिड, ओव्हन साफ करण्याचा फवारा, गाडीच्या अलॉय व्हीलचा क्लीनर, यातलं काहीच विमानाला लागू नये.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. लँडिंग गिअरमध्ये, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, उच्च ताकदीचं पोलाद असतं. चुकीच्या रसायनाने त्यात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून काहीच कळत नाही, मग एके दिवशी भाराखाली तडा जातो. त्यामुळे चाकं आणि गिअर स्वच्छ करताना मी सगळ्यात सौम्य साबण वापरतो, ब्रेकच्या चकत्या झाकतो.

विमानासाठी बनवलेल्या क्लीनरच्या माहितीपत्रकात चाचण्यांची नावं असतात. एएसटीएम एफ५१९ ही पोलाद ठिसूळ होतं का याची, एफ४८४ ही ॲक्रिलिक काचेला तडे जातात का याची, आणि एफ१११० ही दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेलं रसायन गंज आणतं का याची. अमेरिकी लष्कराचा एमआयएल-पीआरएफ-८७९३७ किंवा बोइंगचा डी६-१७४८७ या मानकाचा उल्लेखही दिसतो. यातलं काहीच नसेल, आणि विक्रेता 'सगळं निघतं, साहेब' एवढंच सांगत असेल, तर घेऊ नका. महागडा डबा वर्षाला दोन लागतात, पत्रा एकदाच मिळतो.

पोटाच्या ग्रीसला रॉकेल लावायची जुनी सवय आहे. रॉकेल मागे तेलकट थर सोडतं, त्यावर पुन्हा फाउंड्रीची धूळ बसते आणि चार दिवसांत पोट पहिल्यापेक्षा काळं. पेट्रोल आणि थिनर तर आगीला आमंत्रण. मंजूर डीग्रीझर वापरतानाही आधी विमानाला अर्थिंग जोडा, आणि हे काम बंद हँगरमध्ये करू नका.

७. काच

काचेवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथलं नुकसान परत भरून येत नाही. बहुतेक छोट्या विमानांची 'काच' म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक. घरातल्या निळ्या काच-क्लीनरमधला अमोनिया, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, यातलं काहीही लागलं की त्यावर केसासारखे बारीक तडे पडतात. याला क्रेझिंग म्हणतात. एका मालकांच्या ड्रायव्हरने साहेबांची गाडी पुसतो त्याच बाटलीने, अगदी मनापासून, विमानाची काच चमकवली होती. त्या वेळी ती झकास दिसली. पुढे सकाळच्या उन्हात उतरताना पायलटला समोर नुसता चकाकता पडदा दिसायला लागला. काच बदलावी लागली.

धुरकटपणा कशाचा, हे असं ओळखा. काच पाण्याने पूर्ण ओली ठेवा आणि उन्हाकडे तिरकं बघा. ओली असताना धूसरपणा गेला आणि वाळल्यावर परत आला, तर साबणाचा थर किंवा वरवरचे ओरखडे आहेत. ओली असतानाही ठरावीक कोनातून चांदीच्या तारांसारख्या रेघा चमकल्या, तर क्रेझिंगचा संशय घ्या आणि हात थांबवा.

थर असेल तर आधी भरपूर पाणी. मग अंगठी, घड्याळ, कडं काढून नुसत्या हाताने, सौम्य साबण लावून काच चाचपा. हाताला खडा कळतो, फडक्याला कळत नाही. त्यानंतर मऊ सुती कापड, सरळ रेषेत, न दाबता. गोल फिरवू नका. गोल ओरखडे उन्हात कोणत्याही कोनातून चमकतात आणि पायलटच्या डोळ्यांसमोर वलयं करतात. कोरड्या कापडाने कधीच घासू नका, त्याने प्लास्टिकवर विजेचा भार तयार होतो आणि काच धूळ स्वतःकडे ओढते. हलक्या ओरखड्यांना ॲक्रिलिकचं पॉलिश मिळतं. नखाला अडकणारा ओरखडा असेल तर पॉलिशने प्रयत्न करू नका, काच तपासायला द्या.

८. पॉलिश

थोडक्यात सांगतो. न रंगवलेला चकाकता पत्रा बहुतेक वेळा ॲलक्लॅड असतो. आत मजबूत मिश्रधातू, वरून शुद्ध ॲल्युमिनियमचा थर, आणि गंज अडवतो तो हा थर. पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला तो जाडीच्या साधारण ५ टक्के असतो. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत त्यातलं थोडं जातं. म्हणून मशीनचं पॉलिश वारंवार नको.

पॉलिश आणि वॅक्स करताना पंखाच्या मागच्या कडेची आणि शेपटीच्या हलत्या भागांची छोटी ड्रेन भोकं बुजवू नका. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून हे झालं आहे. एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या भागाच्या, मागच्या कडेचं भोक वॅक्सने भरलं आणि पावसाचं पाणी आत राहिलं. उड्डाणाआधीच्या तपासणीत पायलटने एलेव्हेटर हलवला तेव्हा आत पाण्याचा आवाज आला, म्हणून ते कळलं. या भागांचं वजन तोलून बसवलेलं असतं. आतल्या पाण्याने तोल बिघडला तर हवेत तो भाग फडफडायला लागतो आणि तुटूही शकतो. तेव्हापासून काम संपल्यावर मी प्रत्येक ड्रेन भोक बोट लावून, टॉर्चने बघतो.

९. पिटो, स्टॅटिक आणि झाकणं

विमानाला आपला वेग पिटो नळीतून कळतो. उंची कळते ती बाजूच्या पत्र्यावरच्या स्टॅटिक नावाच्या बारीक भोकांतून, आणि वेग मोजायलाही ती भोकं लागतातच. धुताना यात पाणी जाऊ नये म्हणून ती झाकतात. झाकण काढायला विसरलं, किंवा झाकलंच नाही, दोन्हीत माणसं मेली आहेत.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून रात्री उडालं. धुलाई-पॉलिशच्या वेळी स्टॅटिक भोकांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. पट्टी पत्र्याच्याच रंगाची, चंदेरी. पायलटांना वेग आणि उंची काहीच खरं दिसत नव्हतं आणि विमान समुद्रात कोसळलं. ७० जण गेले. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समध्ये पर्पिन्याँजवळ एक एअरबस ए३२० समुद्रात पडलं, ७ जण गेले. तपासात निघालं की तीन दिवस आधी विमानावर पाणी मारताना वाऱ्याचा कोन मोजणारे सेन्सर झाकले नव्हते. पाणी आत गेलं, उंचावर गोठलं आणि दोन सेन्सर अडकले.

दोन्ही ठिकाणी काम तेच होतं जे मी रोज करतो. म्हणून माझी पद्धत अशी: त्या विमानासाठी बनवलेली झाकणंच वापरायची, लांब लाल पट्टी असलेली, लांबून दिसणारी. चंदेरी किंवा पारदर्शक टेप माझ्या पेटीतच नाही. झाकण लावलं की फळ्यावर जागा आणि आकडा लिहायचा. काढताना एकाने काढायचं, दुसऱ्याने मोजायचं. मोबाइल वाजला, चहा आला, कुणी साहेब बोलवायला आले, तरी मोजणी अर्धवट राहिली तर पहिल्यापासून.

या भोकांवर सरळ फवारा मारू नका. पाणी गेल्याचा संशय आला तर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकर अजिबात मारू नका. आत नाजूक यंत्रं जोडलेली असतात, एका फुंकरीत ती बिघडतात.

कधी थांबायचं

खरं तर वर प्रत्येक ठिकाणी सांगितलंच आहे, पण हे वेगळं लिहितो, कारण घाईत लोक नेमका हाच भाग सोडतात. निळा किंवा लाल डाग, रिव्हेटची काळी शेपटी, पांढरी भुकटी, फुगलेला रंग, काचेतल्या चमकत्या रेघा, हलत्या भागात पाण्याचा आवाज, चुकीचं रसायन लागल्याची शंका, पिटो-स्टॅटिकमध्ये पाणी, मोजणीत एक झाकण कमी. यातलं एक जरी असेल तर धुणाऱ्याचं काम तिथे संपतं. पॅनेल उघडणं, नळ्या सोडवणं, रिव्हेट किंवा गंजाला हात लावणं हे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा) परवाना असलेल्या एएमईचंच काम आहे. चुकीचं रसायन लागलं असेल तर लपवू नका. भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब सांगा, मालक रागावले तरी चालेल.

आणि एएमईला नुसतं 'डाग आहे' म्हणून फोन करू नका. धुण्याआधीचे फोटो, डागाचा रंग आणि जागा, मागच्या धुलाईची तारीख, वापरलेल्या साबणाच्या डब्याचा फोटो आणि त्यानंतर झालेली उड्डाणं, एवढं एका कागदावर लिहून द्या. मी हा कागद प्रत्येक विमानाची वेगळी वही करून ठेवतो. डाग तिसऱ्यांदा त्याच जागी आला की वहीतच दिसतं, आणि मग बादली न भरता मी थेट फोन लावतो.